उरलेले कोणाचे?

शास्त्रपाठ : योहान ६:१-१४ व ३७-४०, लेवीय १९:९-१०



पाच भाकरी व दोन मासळ्यांच्या चमत्कारावर आपण आजवर अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्या लहान मुलाची उदारता, फिलिप्पाचा पैशांचा हिशेब, अंद्रियाचा साशंक प्रश्न, हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. परंतु चमत्कार पूर्ण झाल्यानंतर प्रभूने जी आज्ञा दिली, तिच्यापाशी आपण क्वचितच थांबतो. पाच हजार पुरुष व त्यांच्या बरोबरची बायकामुले गवतावर बसून पोटभर जेवली. त्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे जमवावयास सांगितले आणि त्यातले काहीही वाया जाता कामा नये, असे त्याचे कारणही सांगितले. हा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे आणि बारा टोपल्यांचा उल्लेखही चारही ठिकाणी आहे. मात्र ही आज्ञा व तिचे कारण प्रभूच्या मुखातून आलेले केवळ योहान नोंदवितो.

ज्याच्या हातात पाच भाकरींच्या हजारो भाकरी होतात, त्याला तुकड्यांची काय गरज? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तितक्याच भाकरी देऊ शकला असता. तरीही तो शिष्यांना वाकावयास लावतो आणि गवतातून तुकडे वेचून घेतो. देवाची कृपा विपुल आहे म्हणून ती उधळून टाकण्यास आपण मोकळे आहोत, असा निष्कर्ष काढण्यास प्रभूने येथे जागाच ठेवलेली नाही. जो देतो तोच गोळा करावयास सांगतो.

एक क्रियापद, तीन अर्थ

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला काही शब्द दीर्घकाळ सोबत करतात. या वचनातील ‘वाया जाणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद ‘अपॉल्लुमी’ हे त्यांपैकी एक आहे. मराठीत अन्नाविषयी बोलताना आपण ‘वाया जाणे’ म्हणतो, माणसाविषयी बोलताना ‘नाश होणे’ म्हणतो आणि मेंढराविषयी बोलताना ‘हरवणे’ म्हणतो. तीन प्रसंगांना तीन निराळे शब्द वापरणे मराठीच्या वळणाला धरून आहे, आणि भाषांतरकाराला ते करावेच लागते. पण मूळ ग्रीकमध्ये या तिन्ही ठिकाणी तेच एक क्रियापद आहे.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायात, पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्याचा नाश होऊ नये असे सांगताना हेच क्रियापद येते. सहाव्या अध्यायात तुकड्यांविषयी तेच येते; आणि त्याच अध्यायाच्या एकोणचाळिसाव्या वचनात, पित्याने मला दिलेल्यांपैकी मी काहीही हरवू देणार नाही असा प्रभूचा निश्चय सांगताना पुन्हा तेच येते. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे व हरवलेला पुत्र यांच्यासाठीही हेच क्रियापद आहे. तो उधळ्या पुत्र डुकरांजवळ बसून आपण उपाशी मरत आहोत असे म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडीही हेच क्रियापद आहे.

याचा अर्थ असा की, भाकरीचा तुकडा वाया जाणे, माणूस उपाशी मरणे आणि आत्मा हरवणे या तीन गोष्टी शुभवर्तमानाच्या भाषेत एकाच घराण्यातल्या आहेत. ज्याला एकीची चीड आहे, त्याने उरलेल्या दोहोंकडे पाठ फिरवून चालणार नाही. याच कसोटीवर आज आपण एका अगदी साध्या, किंबहुना नाक मुरडण्यासारख्या विषयाचा विचार करू. शेतातला पेंढा, गोठ्यातले शेण आणि पंगतीतले खरकटे आंबवून त्यांच्यापासून जळणाचा वायू तयार करणे, हा तो विषय. त्यासाठी मी आपणांस तंजावरला घेऊन जाणार आहे.

तंजावरची खाचरे

तंजावर हे नाव मराठी मनाला परके नाही. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता व नंतर तिची नाममात्र परंपरा तेथे टिकली. सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे जपलेली आहेत, आणि त्या प्रदेशात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. ख्रिस्ती वाचकाला तंजावर आणखी एका कारणाने जवळचे वाटते. दुसरे सरफोजी राजे यांच्या बालपणी त्यांचे पालक व शिक्षक म्हणून ज्यांनी त्यांना सांभाळिले, ते जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ १७९८ साली तेथेच प्रभूमध्ये निजले. मृत्युशय्येवरील आपल्या गुरूला भेटावयास आलेल्या राजाचे संगमरवरी शिल्प तेथील चर्चमध्ये आहे. हैदर अलीच्या स्वारीनंतर तंजावरात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा याच श्वार्त्झ यांनी आधी साठवून ठेवलेला तांदूळ उपाशी लोकांना वाटला होता. तंजावरच्या मंडळीच्या इतिहासात वचनाची सेवा आणि धान्याचे कोठार या दोन गोष्टी अशा एकत्र आहेत.

कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश म्हणजे तमिळनाडूचे भाताचे कोठार. चोल राजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणैचा बंधारा शतकानुशतके तेथे पाणी वळवीत आला आहे. कुरुवै, सांबा व ताळडी अशा भाताच्या तीन हंगामांनी तेथील वर्ष मोजले जाते. जेथे इतके पिकते, तेथे उरतेही तितकेच. मळणीनंतर पेंढा उरतो. गिरणीत तूस व कोंडा उरतो, आणि उकडा तांदूळ करण्यासाठी भात भिजविलेले पाणी आंबूस वास घेऊन गटारात जाते. केळीच्या बागेत घड उतरविल्यावर बुंधा आडवा होतो. विवाहाच्या मंगल कार्यालयात केळीच्या पानांच्या पंगती उठतात, आणि मिटलेल्या पानांत भात, सांबार व भाजी तशीच राहून जाते.

हे सर्व फेकून दिले तर काय होते? ढिगाच्या आत जेथे हवा पोहोचत नाही, तेथे सूक्ष्मजीव आपले काम सुरू करतात आणि मिथेन वायू निर्माण होऊन आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवितो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न दुकाने, खानावळी व घरे यांच्या पातळीवर वाया गेले. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाचा हा सुमारे १९ टक्के भाग होय, आणि त्यातला सर्वात मोठा वाटा आपल्या घरांचा आहे. तेव्हा वाया गेलेले अन्न नुसते नाहीसे होत नाही. ते उलटून येते, आणि पावसाचे वेळापत्रक बिघडल्याचा पहिला फटका ज्याचे शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे त्यालाच बसतो.

अंधारात चालणारे काम

आंबविण्याची क्रिया तंजावरच्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. रात्री भिजवून वाटलेले इडलीचे पीठ सकाळी फुगून वर येते. प्रभूने स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिली, तेव्हा त्या स्त्रीने खमीर पिठात लपविले असे त्याने सांगितले. काम झाकलेल्या जागी चालते आणि त्याचा परिणाम उजेडात दिसतो. गोबर गॅसच्या टाकीतही असेच घडते. फरक एवढाच की येथे हवा मुळीच आत येता कामा नये.

टाकीत हे काम चार पायऱ्यांनी होते. पहिल्या प्रकारचे सूक्ष्मजीव पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ फोडून ते पाण्यात विरघळवितात. दुसरे त्यांची आम्ले करतात. तिसरे त्या आम्लांचे अॅसेटिक आम्ल, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. चौथे, जे सर्वांत प्राचीन व सर्वांत नाजूक आहेत, ते यापासून मिथेन तयार करतात. जो वायू मिळतो त्यात साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन व उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. एक घनमीटर वायू स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील सुमारे ४०० ते ४५० ग्रॅम गॅसचे काम करतो. मागे राहिलेल्या रबडीत पिकाला लागणारा नत्र, स्फुरद व पालाश शिल्लक असतो. म्हणून तीही शेताला परत देता येते. शेतातून जे आले, त्यातला विस्तव स्वयंपाकघराला मिळतो आणि कस मातीकडे परततो.

या कामाचा एक कडक नियम आहे. आम्ल करणारे सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे अतिशय सावकाश वाढतात. लोभाने टाकीत एकदम जास्त खरकटे ओतले, तर आम्ल साचते, टाकी आंबट होते आणि शेवटचे कामकरी थांबतात. मग दुर्गंधी सुटते पण ज्योत पेटत नाही. म्हणून नव्या टाकीला आधी शेणाच्या रबडीचे विरजण लावावे लागते, रोज ठराविक माप घालावे लागते आणि पहिले काही आठवडे धीर धरावा लागतो. रानातल्या मान्न्याप्रमाणे येथेही रोजचे माप रोजच असते, आणि अधाशीपणाने घेतलेले नासते.

आपल्या देशात या शोधाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८९७ साली मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात मैलापाण्याच्या टाकीतून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांच्या घरी, त्यांच्याच मळातून दिवा लागला! १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीच्या गोबर गॅस संयंत्राचा नमुना विकसित केला आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो खेडोपाडी नेला. परंतु त्याची पोलादी टोपी महाग पडे. १९६६ साली ख्रिस्ती सेवासंस्थांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘अॅफ्प्रो’ या दिल्लीच्या संस्थेने १९८४ साली विटांच्या स्थिर घुमटाचे स्वस्त संयंत्र पुढे आणले आणि त्याला ‘दीनबंधू’ असे नाव दिले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी खरकटे व पिठूळ टाकाऊ पदार्थांवर चालणारे घरगुती संयंत्र तयार केले. त्याला २००६ साली अॅशडेन पुरस्कार मिळाला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे दोन टप्प्यांचे संयंत्र विकसित केले. त्यात कचरा आधी हवेच्या सान्निध्यात व उष्णतेत मऊ करून मग बंद टाकीत सोडला जातो.

डॉ. कर्वे यांच्या कामातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. शेण हे गाईने एकदा पचविलेले अन्न आहे. त्यातले सत्त्व तिने आधीच घेतलेले असते. खरकट्यात ते सत्त्व जसेच्या तसे असते. म्हणूनच किलोमागे खरकट्यापासून शेणापेक्षा कितीतरी अधिक वायू मिळतो. पण हीच गोष्ट आपल्याला दोषीही ठरविते. खरकट्यात इतकी शक्ती उरली आहे, कारण ते कोणाच्या तरी पोटात जावयाचे होते.

खालचा वायू आणि वरचा वायू

तंजावरच्या लोकांना मिथेन हा शब्द वेगळ्याच कारणाने पाठ झाला. २०१० साली केंद्र सरकारने तंजावर व तिरुवारूर जिल्ह्यांतील मन्नारगुडी क्षेत्रात भूगर्भातील कोळशाच्या थरांतून मिथेन काढण्यासाठी एका कंपनीशी करार केला. असा वायू काढावयाचा तर आधी त्या थरांतले पाणी उपसावे लागते. भूजल खाली जाईल, समुद्राचे खारे पाणी आत शिरेल आणि भाताची खाचरे उजाड होतील, या भीतीने शेतकरी उठले. तंजावर जिल्ह्यातच जन्मलेले कृषितज्ज्ञ जी. नम्माळ्वार यांनी गावोगाव फिरून या योजनेविरुद्ध लोकांना जागे केले. तरुणपणी त्यांनी सरकारी संशोधन केंद्रातील नोकरी सोडून, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे डॉमिनिकन धर्मगुरू डॉमिनिक पिर यांनी स्थापिलेल्या संस्थेत अनेक वर्षे काम केले होते. ३० डिसेंबर २०१३ रोजी, याच मोहिमेच्या काळात, पट्टुक्कोट्टैजवळ त्यांचे निधन झाले. २०१५ साली राज्य सरकारने ही योजना बंद केली आणि २०२० च्या फेब्रुवारीत विधानसभेने कायदा करून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरविले.

ऊर्जेची गरज कोणी नाकारू शकत नाही, आणि त्या वादातील प्रत्येक तांत्रिक मुद्द्याचा निवाडा करणे हे प्रवचनाचे काम नव्हे. परंतु विश्वासणाऱ्याने एक गोष्ट पाहावी. ज्या मातीखालचा मिथेन काढण्यासाठी माती धोक्यात घालण्याची तयारी झाली होती, त्याच मातीवर दर हंगामाला मिथेन देऊ शकणारा पेंढा, शेण, बुंधे व खरकटे पडलेले होते. एक वायू एकदाच मिळतो. दुसरा प्रत्येक कापणीला मिळतो. एकासाठी प्रचंड भांडवल लागते. दुसऱ्यासाठी रोजची निगा लागते. माणसाला पहिला मार्ग मोठा वाटतो, कारण दुसऱ्यात वाकावे लागते. गालीलातल्या त्या गवतावर प्रभूने बारा प्रेषितांना वाकावयास लावले, हे येथे पुन्हा आठवावे.

पेंढ्याविषयी खरे तेही सांगितले पाहिजे. पेंढा लवकर आंबत नाही. त्यात कर्ब फार व नत्र थोडा असतो; त्याला बारीक करून, भिजवून, शेण किंवा खरकट्याबरोबर योग्य प्रमाणात मिसळावे लागते. प्रेताला मंत्र म्हणून उठविण्यासारखे हे काम नाही. येथे ज्ञान, श्रम व हिशेब लागतो. २०१८ साली केंद्र सरकारने शुद्ध व दाबाखाली भरलेल्या जैववायूच्या मोठ्या प्रकल्पांसाठी ‘सतत’ व ग्रामीण कचऱ्यासाठी ‘गोबरधन’ या योजना सुरू केल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण योजना जितकी मोठी, तितका एक प्रश्न अधिक निकडीने विचारावा लागतो. उरलेले कोणाचे?

आधी तृप्ती, मग टोपल्या

योहानाच्या वृत्तांतातील क्रम पाहा. तुकडे जमविण्याची आज्ञा सर्व तृप्त झाल्यानंतर येते. कोणी उपाशी असताना प्रभूने टोपल्या मागविल्या नाहीत. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील नियमशास्त्रही हेच शिकविते. शेताचे कोपरे कापावयाचे नाहीत, पडलेला सरवा वेचावयाचा नाही, द्राक्षमळ्यात गळलेली द्राक्षे उचलावयाची नाहीत. ती गरिबासाठी व परक्यासाठी आहेत. या नियमात उरलेले हे मालकाचे नसते. रूथ बवाजाच्या शेतात गेली ती भीक मागावयास गेली नव्हती. देवाने तिच्या नावाने ठेवलेला वाटा ती वेचीत होती.

आता आपल्या इतिहासाकडे पाहा. दोन घनमीटरच्या लहानशा गोबर गॅस संयंत्रालाही रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्याला जमीन नाही, गोठा नाही, त्याला हे संयंत्र कोठून परवडणार? पूर्वी रस्त्यावरचे व माळावरचे शेण भूमिहीन घरच्या बायका व मुली पाटीत वेचून नेत, त्याच्या गोवऱ्या थापीत आणि त्यावर त्यांची चूल पेटे. गावात संयंत्रे आली की शेणाला किंमत येते, आणि जे फुकट होते ते मालकाचे होते. एका घरातला धूर जातो तेव्हा दुसऱ्या घरातले जळण जात नाही ना, हे पाहणारा कोणी असावा लागतो. तो कोणी म्हणजे मंडळी होय.

तंजावरच्या भूमीवर हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील व आज नागपट्टिणम जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणि या गावी ४४ दलित शेतमजूर एका झोपडीत जाळले गेले. त्यांत बहुतेक बायका व मुले होती. या मजुरांची मागणी मजुरीत थोडे अधिक भात मिळावे, एवढीच होती. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदार आरोपींना निर्दोष सोडले. नाताळची रात्र होती ती! ज्या रात्री जगभरच्या मंडळ्या गोठ्यातल्या बाळाची गीते गातात, त्या रात्री भाताच्या कोठारात, भात पिकविणाऱ्यांना मूठभर भातासाठी अग्नी मिळाला. त्या ४४ जणांची आठवण ठेवूनच मंडळीने शेतातून मिळणाऱ्या विस्तवाविषयी बोलावे.

म्हणून उरलेल्याचा क्रम पवित्र शास्त्राच्या प्रकाशात असा लागतो. अन्न आधी माणसाने खावे. जे अधिक शिजले आहे व चांगले आहे, ते भुकेल्याकडे जावे. जे माणसाला देण्याजोगे नाही, पण जनावराला चालेल, ते जनावराला जावे. तंजावरच्या पेंढ्यावर आधी बैलाचा व दुभत्या गाईचा हक्क आहे. त्यानंतर जे उरते, त्याची टाकी. ‘आमच्याकडे गॅसचे संयंत्र आहे, वाया काही जात नाही’ असे म्हणून पंगतीत दुप्पट वाढणारा यजमान स्वतःची फसवणूक करतो. एक किलो भात पिकविण्यासाठी कावेरीचे सुमारे अडीच हजार लिटर पाणी खाचरात जाते. त्या किलोतून निघणाऱ्या वायूवर चहाची काही भांडी उकळतील. टाकी हा शेवटचा उपाय आहे, पहिली सबब नव्हे.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या देशात टाळता येत नाही. टाकीत हात कोण घालणार? मैला, शेण व उष्टे यांचे काम आपण पिढ्यानुपिढ्या ठराविक जातींच्या माथी मारले. संयंत्र आले, ज्योत मालकाच्या स्वयंपाकघरात पेटली आणि रबडी उपसणारे हात पूर्वीचेच राहिले, तर आपण नवे यंत्र आणून जुनेच पाप चालविले असे होईल. गालीलात टोपल्या बारा होत्या आणि प्रेषितही बारा होते. प्रत्येकाच्या हाती एक टोपली आली असावी, असा विचार मनात येतो. उरलेले उचलण्याचे काम त्याने मंडळीच्या आधारस्तंभांना दिले.

मंडळीने काय करावे?

आपल्या वसतिगृहांत, रुग्णालयांत व शिबिरस्थानांत रोज शेकडो पाने वाढली जातात. कापणीच्या उपकारस्मरणाला व नाताळच्या प्रीतिभोजनाला तर मोठमोठी पातेली चढतात. तेथे प्रथम अंदाजाने शिजविण्याची व विचारून वाढण्याची सवय लागावी. सात दिवस उष्टे वजन करून फळ्यावर आकडा लिहावा. माझा अनुभव असा की, फळ्यावरचा आकडा पाळकाच्या उपदेशापेक्षा लवकर परिणाम करतो. त्यानंतरही जे खरकटे, भाज्यांची देठे व पेज उरते, त्याच्या मापाचे संयंत्र बसवावे. त्यात प्लॅस्टिक, साबणाचे पाणी व हाडे जाणार नाहीत, अशी वेगवेगळी भांडी ठेवावीत. रोजचे माप ठरवावे आणि ते घालण्याची पाळी मुख्याध्यापकापासून सर्वांची असावी.

खेड्यातील मंडळीने एकट्या मालकाच्या संयंत्राऐवजी अनेक घरांनी मिळून चालविण्याच्या संयंत्राचा विचार करावा. भूमिहीन घराकडे गाय नसेल, पण त्याच्याकडे श्रम आहेत व स्वतःचे खरकटेही आहे. त्याबदली त्याला वायूचा किंवा रबडीचा निश्चित, लिहून दिलेला वाटा मिळावा. तो दयेवर राहू नये, कारण शेताचे कोपरे रूथला दयेने मिळाले नव्हते, नियमशास्त्राने मिळाले होते. आणि बंद पडलेले संयंत्र दुरुस्त करणे हे नवे संयंत्र उद्घाटन करण्याइतकेच पवित्र कार्य मानावे. आपल्या देशात गंजलेल्या टोप्या व भेगाळलेले घुमट कमी नाहीत. ते बंद पडले, त्यात विज्ञानाचा दोष थोडा होता; रोज सकाळी बादली घेऊन जाणारा कोणी राहिला नाही, हे कारण मोठे होते. विश्वासूपणा हा आत्म्याच्या फळांपैकी एक आहे आणि तो रोजच्या बादलीत दिसतो.

कोणीही हरवू नये

बंधुभगिनींनो, स्तोत्रकर्त्याने ११३ व्या स्तोत्रात देवाची थोरवी गाताना त्याच्या सिंहासनाबरोबर उकिरड्याचाही उल्लेख केला आहे. देव दरिद्र्याला उकिरड्यावरून उचलून अधिपतींच्या पंक्तीला बसवितो, असे तो म्हणतो. सिंहासनावरून देवाची दृष्टी उकिरड्याकडे जाते. लूकच्या तेराव्या अध्यायातील माळीही, तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी मुदत मागताना, त्याच्या भोवती खणून खत घालण्याचे वचन देतो. ज्याला आपण टाकून देतो, त्याच्यात देवाला पुढच्या हंगामाचे फळ दिसते.

पंगत उठल्यावर आपल्या भोवती असेच काही तुकडे पडून राहतात. शाळा सोडलेला मुलगा, दारूने मोडलेला बाप, चर्चच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत जाणारी विधवा, ज्यांच्या वस्तीकडे आपल्या पाळकीय भेटींची वाट वळत नाही ती माणसे. आपण म्हणतो, मंडळी भरलेली आहे, काम चांगले चालले आहे. पण प्रभू अद्याप त्या गवतावर उभा आहे आणि त्याची दृष्टी तुकड्यांकडे आहे. पित्याने मला दिलेल्यांपैकी मी काहीच हरवू देणार नाही, असे त्याने ज्या अध्यायात सांगितले, त्याच अध्यायात त्याने भाकरीचे तुकडे जमवावयास लावले. जो भाकरीचा तुकडा सोडीत नाही, तो माणसाला कसा सोडील?

तर पुढच्या जेवणाला बसताना आपल्या ताटाकडे पाहा, नंतर आपल्या उकिरड्याकडे पाहा आणि नंतर त्या उकिरड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. या तिघांविषयी प्रभूची एकच आज्ञा आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू तृप्त करतोस आणि उरलेल्याचीही काळजी वाहतोस. आमच्या हाती टोपली दे आणि आम्हांस वाकण्याची नम्रता दे. तुझ्या भूमीचे, तुझ्या अन्नाचे व तुझ्या लेकरांपैकी कोणाचेही आमच्या हातून वाया जाणे होऊ नये. जे आम्ही टाकले त्यातून तू ज्योत पेटव, आणि त्या ज्योतीवर सर्वांत शेवटच्या घराची भाकरी आधी भाजली जावो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.